हौसाच्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडम बुद्धिबळ फार वाईट खेळायच्या. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं कुणी समजू नये. त्या होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावर सगळे हेच म्हणायचे, आणि सगळ्यांच्या आधी त्या स्वतः म्हणायच्या. "चला, आले मी हरायला," असं म्हणत रविवारी दुपारी त्या काझी वकिलांच्या बैठकीत शिरायच्या, चपला भिंतीकडेला नीट लावायच्या, पर्समधून भाजलेल्या शेंगांची पुडी काढायच्या आणि जो कुणी रिकामा असेल त्याच्यासमोर बसायच्या. शेंगा संपायच्या आत डाव संपलेला असायचा.

वकिलांचं घर मुरुमच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत आठवडाभर पक्षकार बसायचे आणि रविवारी आम्ही. दोन अडत व्यापारी, बँकेतले एक निवृत्त साहेब आणि मी. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा खेळ जेमतेम. वकिलांची गोष्ट निराळी होती. उमरग्याच्या कोर्टात ते जसे उभे राहायचे तसेच पटासमोर बसायचे, पाठ ताठ, चष्मा कपाळावर. तालुक्यात त्यांना हरवेल असा माणूस आमच्या पाहण्यात नव्हता. समोरच्यानं चूक केली की ते काही बोलायचे नाहीत, फक्त चष्मा डोळ्यांवर घ्यायचे. आम्हाला तेवढं पुरायचं.

मॅडम कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. गाव सास्तूर. नवरा लवकर वारला, एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला. मुरुमला त्या एकट्याच राहायच्या आणि दर पौर्णिमेला आईबरोबर विहारात जायचं म्हणून न चुकता सास्तूरला जायच्या. त्यांच्या वर्गाची एक गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये बरीच वर्षं सांगितली जायची. पहिल्या तासाला त्या पोरांना म्हणायच्या, "मी मशीन हाय. मला वर्गाबाहेर काढा." एखादा पोरगा म्हणायचा, "सरळ चाला." मॅडम सरळ चालत जायच्या आणि भिंतीला नाक लावून उभ्या राहायच्या. एकदा प्राचार्य व्हरांड्यातून जात होते. आत बाई भिंतीकडं तोंड करून उभी आणि पोरं ओरडतायत, "उजवीकडं, मॅडम, उजवीकडं!" ते घाबरून आत आले. मॅडमनी मान न वळवता सांगितलं, "सर, जरा थांबा. अजून त्यांनी मला वळायचं कसं ते सांगितलेलं न्हाय."

बैठकीतही त्यांचं हेच चालायचं. हरल्या की उठायच्या नाहीत. सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि विचारायच्या, "हां, आता सांगा. माझं कुठं चुकलं?"

"घोडा तिथं नेला, तिथंच गेला की डाव."

"का?"

"का म्हणजे? दिसतंच की ते, मॅडम!"

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा ना. मला तर नुसता घोडा दिसायलाय."

अडत व्यापारी वैतागायचे. बँकेतले साहेब हसून पेपर उघडायचे. वकील तर अशा प्रश्नाला उत्तरच द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, बाईंना नाद आहे पण डोकं नाही. त्या हे सगळं कशासाठी विचारतायत ते आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं.

एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं की त्या बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितायत, आणि त्याचं नाव हौसा.

"हौसा?" वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आमच्या सास्तूरला म्हैस होती. रस्ता आला की उभी राहायची. हिकडं बघणार, तिकडं बघणार, मागं बघणार, मगच पाय उचलणार. ही बी तशीच हाय. सगळीकडच्या चाली बघते, प्रत्येक चालीनंतर पटावर काय उरतंय त्याला मार्क देते, आन् ज्याला जास्त मार्क ती चाल करते. मार्क कसे द्यायचे तेवढं मी शिकवते."

खोलीत जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. बँकेतले साहेब म्हणाले की असले प्रोग्रॅम फोनवर फुकट मिळतात, जगातल्या भल्याभल्यांना हरवतात, मग हा खटाटोप कशाला? मॅडम शेंग फोडत म्हणाल्या, "हॉटेलात चांगलं मिळतं म्हणून घरची चूल बंद करता का तुम्ही?"

वकील मात्र हसले नव्हते. त्यांनी फार सरळ विचारलं, "मॅडम, बुरा मानू नका. तुम्हाला स्वतःला खेळता येत न्हाय. मग मशीनला तुम्ही काय शिकवणार? ज्याला पोहता येत न्हाय त्यानं नाव बांधायची म्हणजे..."

"नाव बांधायला लाकूड कळावं लागतं, वकीलसाहेब. ते कळतं मला."

"आणि पाणी?"

मॅडमनी यावर थोडा विचार केला. मग पर्स उचलून वकिलांच्या जवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "ते तुम्ही सांगा."

त्यानंतर दोन-तीन महिने रविवारचा पहिला तास त्या दोघांचा असायचा. वकील खुर्चीत मागं रेलून नियम सांगायचे. वजीर लवकर बाहेर काढायचा नाही. घोडा पटाच्या कडेला न्यायचा नाही. दोन्ही उंट असतील तर एक सहजासहजी द्यायचा नाही. राजाच्या पुढची प्यादी हलवायची नाहीत. जन्मभराचा तजुर्बा होता तो, आणि असं समोर बसवून तो कुणी विचारला नव्हता. वकिलांचा चेहरा त्या दिवसांत वेगळाच दिसायचा. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या की म्हणायच्या, "कोर्टात इतकं बोलत नसतील." मॅडम घरी जाऊन प्रत्येक नियमाचे मार्क ठरवून हौसात घालायच्या.

मग तो रविवार आला. मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या होत्या आणि एखादी नवीन गोष्ट सापडलेल्या माणसाचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. त्यांनी दोन हौसा केल्या होत्या. एकीत वकिलांचे सगळे नियम, दुसरीत एकही नाही. फक्त कुठल्या सोंगटीची किती किंमत एवढंच. आठवडाभर दोघींना एकमेकींशी खेळवलं होतं.

"आन् गंमत बघा," त्या म्हणाल्या, "बिगरनियमाची लई जास्त जिंकली! नियमवाली प्रत्येक ठिकाणी नियम तपासत बसते, म्हणून तिला लांबचं बघायला वेळच उरत न्हाय. परत एक नियम म्हणतो पुढं जा, दुसरा म्हणतो थांब. काढून टाकले सगळे."

आम्ही सगळे वकिलांकडं बघायला लागलो. तेवढ्यात एक अडत व्यापारी म्हणाले, "म्हणजे वकीलसाहेबांचा सल्ला काढला की केस जिंकते म्हणा!" आणि सगळे हसले. मॅडमही हसल्या. कुणाच्या घरात बसून आपण हे बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

वकिलांनी टेबलावरचे कागद बाजूला केले. "बसवा तुमच्या हौसाला."

मॅडम लॅपटॉपवर बघून हौसाची चाल पटावर करायच्या, वकील आपली चाल करायचे. हौसा विचार करत असताना मॅडम उभ्याच राहायच्या. ती त्यांची सवय होती. पुटपुटायच्याही, "कुटं निघायलीस बये, बघ नीट." सुरुवातीला वकिलांचा डाव चांगला होता. मग हौसानं एक प्यादं खाल्लं. असलं प्यादं शहाणा माणूस खात नाही, असं वकील नेहमी सांगायचे. आम्ही सगळे पुढं सरकून बसलो, आता ती अडकणार म्हणून. ती अडकली नाही. ते प्यादं खरंच फुकट होतं. ऊन कलायच्या सुमाराला वकिलांनी आपला राजा आडवा ठेवला, "अच्छा खेळली," एवढं म्हणाले आणि आत गेले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

पुढच्या रविवारी दाराशी भाभी उभ्या होत्या. "तब्येत बरी नाही त्यांची." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग आम्हीच जायचं सोडलं. वकील कोर्टात जायचे, बाजारात दिसायचे, सलाम घ्यायचे. पण पट कपाटात गेला तो गेलाच. त्या घरातून सोंगट्यांचा आवाज येत नाही याचं मला गल्लीतून जाताना कसंसंच वाटायचं.

मॅडमना हे लागलं. स्टाफरूममध्ये एकदा डबा उघडा ठेवून त्या तशाच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुटं हरवलं हो त्यांना? माझ्याशी खेळले असते तर डोळे मिटून जिंकले असते."

"म्हणून तर त्यांना लागलं," मी म्हणालो.

त्यांनी डबा झाकून ठेवला.

त्या वर्षी मॅडमनी हौसाला इंटरनेटवरच्या एका स्पर्धेत उतरवलं. तिथं प्रोग्रॅमच एकमेकांशी खेळतात, माणसं नुसती बघतात. खेळवणारे बहुतेक हौशी होते, कुणी केरळचा, कुणी परदेशातला. हौसा बरी खेळायची, पण एक विचित्र प्रकार व्हायला लागला. जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटायचा. स्क्रीनवर हौसा स्वतःला भरभरून मार्क देत असायची, समोरच्याकडं नुसता राजा, हिच्याकडं एक उंट आणि एक प्यादं, आणि तरी डाव पुढं सरकायचा नाही. उंट हिकडं, उंट तिकडं. असं एकदा झालं, मग पुन्हा झालं, मग होतच राहिलं.

मॅडमनी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. जे सांगितलं होतं तेच हौसा करत होती. त्यांनी तो डाव मला दाखवला. मला काही कळेना. उंट जास्त, प्यादं जास्त, आणखी काय पाहिजे? इंटरनेटवर कुठं तरी शोधलं असतं तर कदाचित सापडलंही असतं, मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "शोधायचं काय ते तर ठाऊक पाहिजे ना, सर." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्याबरोबर येता का वकीलसाहेबांकडं?"

आम्ही संध्याकाळी गेलो. भाभींनी आत घेतलं. वकील पुढच्या खोलीतच होते, समोर एका जमिनीच्या दाव्याचे कागद. "बसा," म्हणाले, पण चष्मा कपाळावरून खाली आला नाही. भाभींनी पाणी दिलं. मॅडमनी तांब्या हातात तसाच धरला आणि मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलायला लागल्या.

"भूकंपात आमचं घर पडलं, वकीलसाहेब. धाकटा भाऊ गेला त्यात. मी शाळेत होते. नंतर सरकारनं नवीन घरं दिली. इंजिनियर आले, त्यांनी लई चांगली घरं बांधली. भिंती पक्क्या. आज बी उभ्या हायत. आईला घर दाखवायला नेलं तर तिनं पहिलं विचारलं, साहेब, चूल कुटं मांडू? धूर कुटनं जाणार? साहेब म्हणाले, नकाशा पास झालाय, बाई. मग आई किती तरी वर्षं अंगणात पत्रा लावून भाकरी करायची. त्या इंजिनियरची चूक न्हवती. त्याला भिंती कळत होत्या. पण त्यानं आईला विचारलं न्हाय."

वकील कागदाकडंच बघत होते.

"मी सगळ्यांना का, का म्हणून विचारत फिरते. आन् तुमचे नियम घेतले, मोजले आन् फेकून दिले. ते कशापायी हायत ते तुम्हाला विचारलंच न्हाय. वर चार माणसांत हसले. तुम्ही रागवा, पण खेळायचं सोडू नका."

वकिलांनी दाव्याचे कागद गोळा करून त्यांना दोरी बांधली. मग वकील उठले आणि कपाटाकडं गेले. पट टेबलावर ठेवून म्हणाले, "लावा. काय अडलंय तुमच्या म्हशीचं?"

मॅडमनी डाव मांडला. वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मी अजून खुर्ची नीट ओढूनही घेतली नव्हती.

"हे कधीच जिंकणार न्हाय."

"का?"

"दिसतंच..." वकील म्हणाले आणि थांबले. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मग खुर्ची पुढं घेतली आणि एकेका घरावर बोट ठेवत सांगायला लागले. "बघा. तुमचं प्यादं अगदी कडेचं. ते ज्या घरात जाऊन वजीर होणार ते घर पांढरं. तुमचा उंट काळ्या घरांवरून चालणारा. त्या घराला तो आयुष्यात शिवू शकत न्हाय. समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला उठवणार कोण? प्यादं जवळ नेलं तर त्या राजाला चालच उरत न्हाय, आणि शह न बसता चाल संपली की डाव बरोबरीत. हजार वर्षं खेळा. हौसा मार्क मोजते, उंटाचे इतके, प्याद्याचे इतके. इथं त्या मार्कांना काही किंमत न्हाय."

मॅडमनी राजा स्वतः कोपऱ्यात नेऊन बघितला. उंट फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की भाभी आतून डोकावल्या. "बये! मला म्हाईत न्हवतं, म्हणून तिला बी म्हाईत न्हवतं!"

"कुणाला म्हाईत नसतं असं न्हाय," वकील म्हणाले. "शिकलेल्या खेळाडूला असतं. पण तुमच्यासारखं कुणी 'का' विचारलं की सांगताना आमचीच जीभ अडखळते. आज मला पहिल्यांदा नीट सांगता आलं." आणि भाभींना हाक मारून त्यांनी चहा सांगितला.

तो नियम हौसात गेला आणि राहिला. मग एक नवीनच पद्धत पडली. हौसाचे हरलेले आणि अडलेले डाव मॅडम वकिलांकडं न्यायच्या. वकील बघायचे आणि हौसा कुठं उगाच खूश झाली ते सांगायचे. मॅडम का विचारायच्या, आणि वकील उत्तर देईपर्यंत सोडायच्या नाहीत. कधीकधी उत्तर देता देता वकिलांनाच कळायचं की आपण इतकी वर्षं जे मानत आलो ते तितकंसं खरं नाही. मग मॅडम घरी दोन हौसा लढवायच्या आणि रविवारी येऊन वकिलांच्या शेजारी बसून हळूच निकाल सांगायच्या. वकील दारातच विचारायचे, "काय, आज मी पास का नापास?" बऱ्याच वेळा नापास असायचे. नापास झाले की भांडायचे. बैठक पुन्हा भरायला लागली होती आणि वकील पुन्हा आम्हाला एकेकाला लोळवत होते. हौसाशीही खेळायचे. हरले की राजा आडवा ठेवून म्हणायचे, "यातला एक फटका मी शिकवलेला आहे."

मॅडमचा खेळ मात्र सुधारला नाही. अगदी शेवटपर्यंत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांची तब्येत बिघडली. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागणार होतं, म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या तिथंच वारल्या. कॉलेजात शोकसभा झाली. नवीन आलेल्या कॉम्प्युटरच्या सरांनी हौसाबद्दल ऐकलं होतं. सभा संपल्यावर त्यांनी वकिलांना विचारलं, "पण स्वतः चांगला खेळाडू असल्याशिवाय असा प्रोग्रॅम लिहिता येतो का हो?"

वकील चपला घालत होते. "आपल्याला काय येत न्हाय ते पक्कं ठाऊक असलं तर येतो," ते म्हणाले. "मॅडमला ठाऊक होतं. मला माझं ठाऊक न्हवतं." आणि निघून गेले.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते मुरुमच्या बसस्टँडवर, त्या पुण्याला निघाल्या त्या सकाळी. मुलानं गाडी करायची म्हणून हट्ट धरला होता, पण त्यांना एसटीनंच जायचं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, अंगावर शाल. मुलगा सामान लावत होता. मी चार शब्द बोललो. तेवढ्यात वकील आले. कोर्टाचा काळा कोट अंगात, धापा टाकत. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी. खिडकीखाली उभे राहून त्यांनी सुरुवातच केली, "मॅडम, कालचा डाव. तिथं घोडा द्यायचाच. पांढरा जिंकतो."

"हौसा म्हणते बरोबरी होते."

"हौसाला काय कळतं!"

"आन् मला?"

"तुम्हाला तर बिलकुल कळत न्हाय."

मॅडम हसल्या. शाल बाजूला झाली. "बरं, दिला घोडा. मग त्यानं प्यादं पुढं आणलं तर?"

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. वकील खिडकीबरोबर चालायला लागले, मग भरभर चालायला लागले, कोट फडफडत, एक हात गाडीच्या पत्र्यावर. "हत्ती आणायचा! हत्ती वरच्या रांगेत!" मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढला होता. दोन बोटांत जणू सोंगटी धरलीय असा तो हात हवेत वर गेला, क्षणभर थांबला. ती कुठं ठेवावी ते त्यांना नक्की कळत नव्हतं. आतून कंडक्टरचा आवाज आला, "ओ मॅडम, हात आत घ्या." पण गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो हात बाहेरच होता, आणि वकील रस्त्याच्या मधोमध उभे राहून ती चाल कुठं पडते ते बघत होते.